लांगदोक : द्राक्षवेलींच्या मुलखात काय पाहावे?

फ्रान्सच्या वाइनचा विषय निघाला की बोर्दो, शांपेन, बर्गंडी ही नावे आधी पुढे येतात. भारतातून निघणाऱ्या सहलीही बहुधा पॅरिस आणि फार तर नीसचा समुद्रकिनारा एवढ्यावर आटोपतात. या यादीत लांगदोक क्वचितच असते. रोन नदीच्या मुखापासून स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतापर्यंत, भूमध्य समुद्राला धरून चंद्रकोरीसारखा पसरलेला हा दक्षिणेकडील पट्टा. रूसियों या शेजारच्या भागासह पाहिले तर क्षेत्रफळाने फ्रान्समधील सर्वांत मोठा द्राक्षप्रदेश हाच. तरीही त्याच्या वाट्याला प्रतिष्ठा उशिरा आली. शंभर वर्षांपूर्वी लांगदोकची वाइन म्हणजे उत्तरेकडील कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांची रोजची, स्वस्त, पाण्यासारखी प्यायची वाइन होती.

ती पिणारा वर्ग आता उरलेला नाही. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन खपत असे. आज तो आकडा चाळिसाच्या आसपास आहे. त्याचा फटका सर्वाधिक बसला तो या प्रदेशाला. गेल्या पन्नास वर्षांत येथील वेलींखालचे क्षेत्र जवळपास निम्म्यावर आले. अलीकडे तर सरकारनेच वेली कायमच्या उपटून टाकणाऱ्यास हेक्टरी 4 हजार युरो देऊ केले आणि लांगदोकच्या अनेक शेतकऱ्यांनी ते घेतले. नार्बोनहून आतल्या गावांकडे जाताना वेलींच्या हिरव्या ओळींमध्येच उजाड, गवत माजलेले चौकोन दिसतात, ते यामुळे.

म्हणूनच लांगदोकची सफर म्हणजे केवळ एका तळघरातून दुसऱ्या तळघरात जाऊन पेले रिकामे करणे नव्हे. तसे करणाऱ्याला चांगली वाइन मिळेल, पण मुलूख दिसणार नाही. येथील रस्ते, कालवे, गावांच्या वेशीवरची अवाढव्य गुदामे, चौकांतले पुतळे, एवढेच काय पण डोंगरातल्या वणव्यांची व्याप्तीदेखील द्राक्षवेलीशी जोडलेली आहे. हा धागा हाती धरून फिरले तर आठ-दहा दिवस पुरत नाहीत.

नार्बोनपासून सुरुवात

पॅरिसहून वेगवान रेल्वेने मोंपेलिए साडेतीन तासांच्या आसपास, तर नार्बोन त्याहून तासभर दूर. मोंपेलिए, सेत, बेझिए, नार्बोन, कार्कासोन ही सारी शहरे रेल्वेच्या एकाच मार्गाने परस्परांशी जोडलेली आहेत. त्यामुळे मोटार भाड्याने न घेताही अर्धी सफर सहज होते. मुक्कामाला बहुतेक जण मोंपेलिए किंवा कार्कासोन निवडतात. नार्बोन त्या मानाने लहान, स्वस्त आणि मध्यावर आहे.

इसवी सनापूर्वी 118 मध्ये रोमनांनी इटलीबाहेर, गॉलच्या भूमीवर वसवलेली ही पहिली वसाहत. इटलीला स्पेनशी जोडणारा दोमितिया नावाचा रोमन हमरस्ता येथून जात असे. त्याचा चाकोऱ्या पडलेल्या दगडांचा एक तुकडा 1997 मध्ये नगरपालिकेसमोरील चौकात सापडला. तो तसाच उघडा ठेवला आहे आणि मुले त्यावर बसून आइस्क्रीम खातात. द्राक्षवेल या भागात रुजली ती ग्रीक आणि रोमन लोकांबरोबर. 2021 मध्ये उघडलेले ‘नार्बो व्हिया’ हे संग्रहालय त्या काळासाठी पाहावे. नॉर्मन फॉस्टर यांच्या वास्तुसंस्थेने उभारलेल्या या इमारतीत शेकडो रोमन थडग्यांचे कोरीव दगड एका भल्यामोठ्या मांडणीवर रचले आहेत. कोणाचे दुकान, कोणाचे जहाज, कोणाची भट्टी, असे व्यापारी शहर त्या दगडांतून उलगडते.

सकाळी मात्र संग्रहालयात न जाता बाजारात जावे. कालव्याच्या काठावरील लोखंडी सांगाड्याचा हा बंदिस्त बाजार 1901 चा. मडगावच्या किंवा म्हापशाच्या बाजाराची सवय असलेल्या गोमंतकीयाला येथील कलकल परकी वाटणार नाही. मासे, ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचे चीज, आणि दुपारच्या जेवणासाठी बाजारातच मांडलेल्या खुर्च्या. दुपारी सारे आवरते घेतले जाते, हे लक्षात ठेवायला हवे.

1907 : वाइनसाठी झालेले बंड

नार्बोनच्या उत्तरेस अर्जेलिए नावाचे एक गाव आहे. 11 मार्च 1907 रोजी तेथील 87 शेतकरी पायी नार्बोनला निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा द्राक्ष पिकवणारा आणि गावात कॅफे चालवणारा माणूस. वाइनचा भाव इतका कोसळला होता की पिंपे रिकामी करण्यासाठी जुनी वाइन गटारात सोडण्याची वेळ आली होती. असे का घडले, हे समजून घेतल्याशिवाय आजचे लांगदोकही समजत नाही.

त्याचे मूळ एका किड्यात होते. फिलोक्सेरा हा मावावर्गीय सूक्ष्म किडा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरला आणि वेलींची मुळे शोषू लागला. 1868 मध्ये मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मरणाऱ्या वेलींच्या मुळांवर तो शोधून काढला. पण उपाय हाती लागेपर्यंत बागाच्या बागा उजाड झाल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. त्या किड्याशी जुळवून घेतलेल्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच जातीचे कलम करायचे. मानकुरादची कलमे बांधणाऱ्या गोव्याला यातले शहाणपण वेगळे सांगायला नको. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाही आज ‘डॉगरिज’ या अमेरिकी वंशाच्या खुंटावर मोठ्या प्रमाणात उभ्या आहेत. तेथे कारण क्षार आणि पाण्याच्या टंचाईचे, पण तंत्र तेच. मोंपेलिएच्या रेल्वेस्थानकासमोरील छोट्या बागेत प्लांशों यांचे स्मारक आहे आणि त्यात त्यांच्यापुढे द्राक्षे धरलेला एक शेतकरी उभा आहे. स्थानकातून बाहेर पडणारे बहुतेक प्रवासी त्याकडे न पाहताच ट्राम पकडतात.

कलमांवर नव्या बागा उभ्या राहिल्या त्या डोंगरउतारांऐवजी सपाट, सुपीक मैदानात, आणि भरपूर पिकू लागल्या. रेल्वेने माल उत्तरेकडे झटपट जात होताच. त्यात अल्जीरियाची वाइन जहाजांनी येऊ लागली. साखर आणि पाणी मिसळून ‘वाइन’ बनवणारे व्यापारी तर सगळीकडे होते. पिकवणारा खरा, विकणारा खोटा आणि भाव खोट्याचा, अशी अवस्था झाली.

त्या 87 जणांच्या मागे प्रत्येक रविवारी गर्दी वाढत गेली. नार्बोन, बेझिए, पेर्पिन्यां, कार्कासोन, नीम असे करत 9 जूनला मोंपेलिएत जमलेल्या जमावाचा अंदाज पाच लाखांच्या वर सांगितला जातो. शेकडो नगरपालिकांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य धाडले. नार्बोनचे महापौर फेरूल यांना अटक झाली आणि 19 व 20 जूनला शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. ही बातमी कळताच आगदमधील 17 व्या पायदळ पलटणीतील जवानांनी शस्त्रांसह बेझिएकडे कूच केले. त्यांतले बहुतेक जण याच भागातले, द्राक्ष पिकवणाऱ्यांची मुले. आपल्याच गावकऱ्यांवर बंदूक रोखायला त्यांनी नकार दिला.

शेवट मात्र काहीसा केविलवाणा झाला. आल्बेर गुप्तपणे पॅरिसला क्लेमांसोंच्या भेटीस गेला. परतीच्या तिकिटासाठी पंतप्रधानांनी त्याला 100 फ्रँक दिले आणि ही गोष्ट पत्रकारांच्या कानी घातली. विकला गेल्याचा डाग त्या भोळ्या माणसाला आयुष्यभर पुसता आला नाही. मागणी मात्र मान्य झाली. जूनच्या अखेरीस वाइनमधील साखरेच्या भेसळीला आळा घालणारा कायदा झाला. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या रसापासून आंबवून केलेले पेय, ही फ्रान्समधील कायदेशीर व्याख्या त्याच काळात पक्की झाली. भौगोलिक नावाला संरक्षण देणारी 1935 ची फ्रेंच व्यवस्थाही याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. काजूच्या फेणीला 2009 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हे त्याच विचाराचे गोव्यातले रूप.

सहकाराची मंदिरे

बंडाचा दुसरा वारसा डोळ्यांनी पाहता येतो. लांगदोकच्या जवळजवळ प्रत्येक गावाच्या वेशीवर चर्चहून मोठी एक इमारत दिसते. उंच दगडी भिंती, कमानदार दरवाजे, वर ठळक अक्षरांत गावाचे नाव. ही सहकारी वाइनघरे. एकट्या शेतकऱ्याकडे साठवणुकीची टाकी नसते, म्हणून त्याला तोडणी होताच मिळेल त्या भावात विकावे लागते. सगळ्यांनी मिळून टाक्या बांधल्या तर थांबता येते, हा साधा हिशेब. सहकारी साखर कारखान्यांच्या छायेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट आतून कळेल.

बेझिएजवळील मारोसां येथील संस्था 1901 ची, म्हणजे बंडाच्याही आधीची. फ्रान्समधील अगदी पहिल्या सहकारी वाइनसंस्थांपैकी ती एक. तिची इमारत 1905 मध्ये उभी राहिली आणि समाजवादी नेते जाँ जोरेस त्याच वर्षी ती पाहून गेले. पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना येथून थेट पिंपे जात. दलाल मध्ये नव्हताच.

आज यांतील अनेक संस्था एकमेकींत विलीन झाल्या आहेत आणि काही इमारती रिकाम्या पडल्या आहेत. ज्या चालू आहेत तेथे अवश्य जावे. विक्रीच्या दालनात चव पाहायला बहुधा पैसे पडत नाहीत. पण खरी गंमत कोपऱ्यात असते. तेथे पेट्रोलपंपासारखी नळी असते आणि गावातली वयस्क मंडळी प्लॅस्टिकचे कॅन घेऊन येतात, लिटरच्या हिशेबाने तांबडी किंवा गुलाबी वाइन भरून घेऊन जातात. पर्यटकांसाठी सजवलेल्या कोणत्याही तळघरापेक्षा या पाच मिनिटांत लांगदोक अधिक दिसते.

चव पाहण्याची रीत

खासगी द्राक्षबागांचा, म्हणजे ‘दोमेन’चा अनुभव वेगळा. अनेकदा मालकच मळलेल्या बुटांनी समोर येतो. आधी फोन किंवा ईमेल करून वेळ ठरवणे आवश्यक. दुपारी बारा ते दोन कोणीही भेटणार नाही, आणि रविवारी तर विचारूच नये. दालनात शिरताच ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय विषयाला हात घालणे उद्धटपणाचे समजले जाते.

चार-पाच प्रकार चाखल्यावर उरलेली वाइन थुंकदाणीत टाकणे मुळीच असभ्य नाही. उलट जाणकार तेच करतात. मोटार चालवणाऱ्याला तर दुसरा पर्याय नाही. फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम, नवख्या चालकांसाठी 0.2 ग्रॅम आहे. निदान एक-दोन बाटल्या विकत घ्याव्यात, हा अलिखित नियम. त्या महागही नसतात, कारण बोर्दोसारखे नाव नसल्याने येथील उत्तम वाइनही तुलनेने स्वस्त मिळते. प्रवाशाच्या दृष्टीने हीच या प्रदेशाची जमेची बाजू, आणि पिकवणाऱ्याच्या दृष्टीने हीच त्याची व्यथा.

तांबड्या वाइनमध्ये कारिन्यां, ग्रेनाश, सिरा, मूर्वेद्र या जातींचे मिश्रण असते. त्यातील कारिन्यां लक्ष देऊन प्यावी. मैदानात भरमसाट पिकवून तिचे नाव खराब झाले आणि उपटण्याच्या योजनांत पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडली. डोंगरउतारावरच्या जुन्या वेलींची कारिन्यां मात्र फळ कमी देते आणि रस गडद. मांडव नाही, तारा नाहीत, गुडघाभर उंचीची एकेक वेल वेगवेगळ्या झुडपासारखी उभी. कोर्बिएर आणि मिनेर्व्हवा या दोन भागांत अशा बागा अजून आहेत. या दोन्ही नावांना अधिकृत मानांकन 1985 मध्ये मिळाले, तर समुद्राजवळील फितूला 1948 मध्येच.

तोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर हा भरवशाचा महिना. उन्हाळे कडक होत चालल्याने आता ती ऑगस्टच्या उत्तरार्धातच सुरू होते. मैदानात यंत्रे अनेकदा रात्रीच चालवतात, कारण दिवसाच्या उष्णतेत फळ आंबू लागते. 28 जून 2019 रोजी मोंपेलिएजवळील वेरार्ग येथे 46 अंश सेल्सियसची नोंद झाली. फ्रान्समधील हा उच्चांक. त्या दिवशी कित्येक बागांतील कोवळी पाने आणि घड भाजल्यासारखे करपून गेले.

जळालेल्या डोंगरातून

नार्बोन आणि कार्कासोन यांच्या दक्षिणेला कोर्बिएरचे डोंगर सुरू होतात. चुनखडीचे कडे, त्यांच्यामध्ये कोंदणात बसवल्यासारख्या बागा आणि उरलेल्या जागी ‘गारीग’ नावाचे रान. थाइम, रोझमेरी, खुरटे ओक. उन्हात तापले की साऱ्या डोंगराला वास सुटतो आणि येथील वाइन चाखणारे पेल्यातही तोच वास शोधतात. लाग्रास हे मठाचे गाव, फोंफ्र्वादचा सिस्टर्शियन मठ आणि पेरपेर्तूझ, केरिब्यूस हे उत्तुंग किल्ले ही येथील मुख्य ठिकाणे. किल्ल्यांवर चढून जावे लागते. सह्याद्रीतले गड केलेल्यांना चढ जड वाटणार नाही, वारा मात्र माणसाला ढकलून देईल इतका असतो.

5 ऑगस्ट 2025 रोजी लाग्रासजवळील रिबोत येथे वणवा पेटला आणि काही दिवसांत 16 हजार हेक्टर डोंगर जळाला. अनेक घरे गेली, एका महिलेचा मृत्यू झाला. गेल्या कित्येक दशकांतील फ्रान्सचा हा सर्वांत मोठा वणवा होता. वाळलेले रान आणि वारा ही कारणे होतीच, पण उपटलेल्या वेलींचाही प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. नांगरलेल्या, तण काढलेल्या बागेत जळण्याजोगे फारसे काही नसते. त्यामुळे गावाभोवतीच्या बागा आगीपुढे पट्ट्यासारख्या उभ्या राहत. वेली गेल्या की दोन-तीन वर्षांत तेथे झुडपे माजतात आणि आगीला गावाच्या वेशीपर्यंत वाट मिळते. हेक्टरी 4 हजार युरो देताना हा हिशेब धरला गेला नव्हता, असे म्हणणे भाग आहे.

तेव्हा कोर्बिएरला जाऊ नये काय? अवश्य जावे. जळालेल्या भागातले वाइनवाले पुढचे पीक हाती येईपर्यंत जुन्या बाटल्यांवरच तग धरून असतात आणि गिऱ्हाईक ही त्यांची गरज आहे. केवळ जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरवाटेला लागण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाचा त्या दिवसाचा वणव्याच्या धोक्याचा नकाशा पाहावा. धोका अधिक असेल त्या दिवशी वाटा बंद ठेवल्या जातात. मे, जून आणि ऑक्टोबर हे पायी फिरण्यासाठी उत्तम महिने.

मिनेर्व्हवातील मिनेर्व्ह हे दोन घळींमधल्या कड्यावरचे गाव लहान असले तरी चुकवू नये. 1210 मध्ये सीमों द मोंफोरच्या वेढ्यानंतर कॅथार पंथाच्या सुमारे 140 जणांना, त्यांनी पंथ सोडण्यास नकार दिल्यामुळे, येथे जिवंत जाळण्यात आले. कार्कासोनच्या दुहेरी तटबंदीचे 52 बुरूज पाहायला लाखो लोक जातात. तो किल्ला भव्य आहे, पण एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराची सफाई त्यात फार आहे. संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर तटाबाहेरून एक फेरी मारली तरी पुरे.

कालव्यावरचे चार दिवस

हाताशी वेळ असेल तर निदान दोन रात्री ‘कनाल द्यु मिदी’वर काढाव्यात. तुलूझपासून सेतजवळच्या खाऱ्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर लांबीचा हा कालवा. मीठकर गोळा करण्याचा मक्ता असलेल्या पिएर-पोल रिके या बेझिएच्या माणसाने चौदाव्या लुईकडून परवानगी मिळवून 1666 मध्ये तो हाती घेतला. अटलांटिक आणि भूमध्य यांना जोडायचे तर मधला उंचवटा पार करावा लागतो आणि त्या माथ्यावर पाणी कोठून आणायचे, या प्रश्नावर आधीचे सारे बेत अडले होते. रिकेने काळ्या डोंगरांतले ओढे वळवून, सें-फेरेओल येथे प्रचंड धरण बांधून ते पाणी माथ्यावर नेले. तेथून ते दोन्ही समुद्रांकडे वाहते. हजारो मजूर राबले, त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. स्वतःची संपत्ती ओतून कर्जबाजारी झालेला रिके 1680 मध्ये वारला. कालवा खुला झाला त्याच्या पुढच्या वर्षी. बेझिएच्या मुख्य रस्त्यावर त्याचा पुतळा आहे.

बेझिएजवळील फोंसेरान येथे होड्या पाण्याच्या जिन्याने चढतात-उतरतात. मूळचे आठ हौद आणि नऊ दरवाजे, उतार 21.5 मीटर. काठावर बसून एक होडी वरून खाली येईपर्यंत पाहत राहणे हा तासाभराचा फुकट खेळ आहे. तेथून काही किलोमीटरवर मालपास येथे कालवा डोंगराच्या पोटातून जातो. होड्यांसाठी खणलेला युरोपातील हा पहिला बोगदा. पुढे रेल्वे आली आणि वाइनची पिंपे कालव्याऐवजी डब्यांतून जाऊ लागली. आता येथे मालवाहतूक नाही, केवळ सहलीच्या होड्या आहेत. भाड्याच्या होडीला परवाना लागत नाही, तासाभराचे शिक्षण देऊन ती हाती सोपवली जाते आणि वेग ताशी आठ किलोमीटरच्या वर न्यायचा नसतो. हिवाळ्यात वाहतूक बंद असते. होडी परवडत नसेल तर काठाने सायकल.

छायाचित्रांत दिसणारी, दोन्ही बाजूंनी चिनारवृक्षांची कमान धरलेली कालव्याची शोभा मात्र सगळीकडे सापडणार नाही. पाळांच्या मातीची धूप थांबावी म्हणून लावलेल्या सुमारे 42 हजार झाडांना एका बुरशीचा रोग जडला. 2006 मध्ये तो कालव्यावर प्रथम आढळला. उपाय एकच, झाड तोडून जागीच जाळणे. निम्म्याहून अधिक झाडे अशी गेली. त्या जागी वेगवेगळ्या जातींची रोपे लावणे चालू आहे. काही टप्प्यांत त्यांची सावली पडू लागली आहे, काही ठिकाणी अजून नुसत्या काठ्या दिसतात. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी जवळ ठेवणे हाच व्यवहार्य सल्ला.

ताटात काय?

कालव्यावरच्या कास्तेलनोदारी गावाचे कासुले प्रसिद्ध आहे. पांढरा घेवडा, बदक, डुकराचे मांस आणि सॉसेज मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवलेले. शाकाहारी माणसाने या प्रदेशात थोडी तयारी ठेवावी. चीज, भाज्या आणि पाव यांवर निभाव लागतो, पण खेड्यातल्या खानावळीत ‘मांस नको’ म्हटले की मासे पुढे येतात.

मासळीवाल्यांसाठी मात्र चैन आहे. सेतजवळच्या सरोवराकाठी बूझिग आणि मेझ ही कालवांची गावे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसल्यासारखीच, त्यामुळे येथे कालवे खडकाला चिकटून वाढत नाहीत. पिल्लांना सिमेंटच्या ठिपक्याने दोरावर चिकटवून ते दोर पाण्यातल्या मांडवांना टांगतात. काठावरच्या टपरीत डझनाच्या हिशेबाने ती कच्ची, लिंबू पिळून खातात आणि सोबत शेजारच्याच बागांतील ‘पिकपूल द पिने’ ही आंबटसर पांढरी वाइन घेतात. गोव्यात कालवां रव्यात घोळवून तळली जातात, तेव्हा कच्च्याला पहिला हात घालताना मन कचरते. दुसऱ्याला नाही.

जवळच पेझनास हे देखणे जुने शहर आहे. मोलिएरच्या नाटकमंडळीचा मुक्काम सतराव्या शतकात येथे असे. मिठायांच्या दुकानांत सुताच्या रिळाच्या आकाराचे छोटे पाय मिळतात, आत गोडसर मटणाचा खिमा आणि लिंबाच्या सालीचा वास. परंपरा सांगते की ही कृती भारतातून आली. प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह 1768 मध्ये प्रकृतीसाठी येथे येऊन राहिला आणि त्याच्याबरोबरच्या भारतीय आचाऱ्याने ती स्थानिक पाववाल्यांना शिकवली. बंगालच्या लुटीवर गब्बर झालेल्या माणसाची फ्रान्समध्ये उरलेली आठवण ही अशी एक घासाची आहे, आणि ज्याच्या हातची ती, त्या आचाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही.

लिमूचाही उल्लेख करायला हवा. तेथील सें-इलेर मठाच्या भिक्षूंनी 1531 मध्येच फेसाळ वाइन केल्याची नोंद असल्याचा गावाला अभिमान आहे. शांपेनच्या कितीतरी आधी. दावा खरा मानो वा न मानो, किंमत शांपेनच्या तुलनेत बरीच कमी आहे.

स्पेनच्या उंबरठ्यावर

सफरीचा शेवट रूसियोंमध्ये, कोलियूर आणि बान्यूलला करावा. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि दरें हे दोन चित्रकार कोलियूरला आले आणि तेथील उजेडाने त्यांच्या रंगांना असे पेटवले की पुढे त्या शैलीला ‘रानटी’ या अर्थाचे फॉव्हिझम हे नाव पडले. गावातले खारवलेले अँकोव्हीही तितकेच नामांकित.

बान्यूलच्या वाइनची ओळख गोवेकरांना चटकन पटेल. गोव्यातल्या दुकानांत ‘पोर्ट वाइन’ नावाने गोड तांबडी वाइन मिळते, ते नाव पोर्तुगालच्या पोर्तु शहरावरून आलेले. बान्यूल त्याच कुळातली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात शुद्ध मद्यार्क घालतात. किण्व मरते, साखर उरते आणि वाइन गोड, तीव्र व टिकाऊ होते. तेराव्या शतकात मोंपेलिएत शिकवणाऱ्या आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याला या पद्धतीचे श्रेय देतात. चॉकलेटबरोबर ती घ्यावी, असे स्थानिकांचे मत आहे आणि ते ऐकण्यासारखे आहे.

तिच्या बागा पाहायला गावामागच्या डोंगरावर चढून जावे. पाटीसारख्या काळ्या खडकाचे थेट समुद्रात उतरणारे कडे, त्यावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी चरांचे जाळे. येथे यंत्र चढत नाही. तोडणी हातानेच होते. बाग सोडली की बांध ढासळतात आणि एका जोरदार पावसात माती समुद्रात जाते. सोडलेल्या पायऱ्या आता वरच्या उतारांवर ठिकठिकाणी दिसतात.

भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. गोव्यातील पोर्तुगीज पासपोर्टधारकांना तो प्रश्न नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिन पाळला जातो आणि एरवी बंद असणाऱ्या अनेक जुन्या वास्तू त्या दोन दिवसांत उघडतात. तोडणीचा हंगामही तेव्हा चालू असतो, म्हणून तारखा ठरवताना तो आठवडा धरावा. परतताना करमुक्त आणता येणारे मद्य माणशी दोन लिटर. बाटल्या 750 मिलिलिटरच्या असतात, म्हणजे दोनच बसतात. एक कोर्बिएरची आणि एक बान्यूलची घेतली तर निवड चुकणार नाही.